सायकसची सोयरीक

तीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आणि तीसही वर्षं सायकसचा नर शंकू बाटलीतच बघितला. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला, रंग उडालेला, बाटलीवरची चिठ्ठी माझ्याही आधीच्या कुणा मास्तरांनी लिहिलेली. दरवर्षी अकरावीच्या वर्गापुढे ती बाटली धरायची आणि सांगायचं की ही अनावृतबीजी वनस्पती, म्हणजे हिचं बी फळाच्या आत झाकलेलं नसतं, उघडंच असतं. ‘उघडं’ म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि मी डस्टर आपटायची. निवृत्त झाले तेव्हा हारतुऱ्यांपेक्षा त्या बाटलीपासून सुटका झाल्याचा आनंद जास्त होता.

पण नशिबातलं चुकत नाही. चऱ्होलीला आमच्या सोसायटीत राहायला आले आणि तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात तीच खसखस पुन्हा पिकली. या वेळी पिकवणारे साठीच्या घरातले होते, आणि आपटायला माझ्याकडे डस्टर नव्हतं.

आमच्या गेटातून आत आलं की समोर गोल वाफा आहे. त्या वाफ्यात मधोमध एक सायकस होता. सगळे त्याला पाम म्हणायचे. तो पाम नाही, ताडामाडाच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही, उलट पाइन आणि देवदार हे त्याचे दूरचे भाऊबंद, आणि डायनासोर हिंडत होते तेव्हाही ही झाडं होती, असं माझं वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत प्रत्येकाला सांगून झालं होतं. वॉचमन प्रत्येक वेळी “हो का मॅडम” म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपाला “चल रे पामकडं” असं म्हणून ओढायचा.

मनापासून ऐकणारे एकटे आबा. आबा म्हणजे आमचे माळी. सत्तरीचे, चऱ्होलीतल्या जुन्या घरातले, डोक्यावर कायम पांढरी टोपी. सोसायटी झाली तेव्हापासून बाग त्यांच्याच हातात. हा सायकस त्यांनी कुठल्याशा नर्सरीतून कांद्याएवढा गड्डा आणून लावला होता आणि पंधरा वर्षं वाढवला होता. झाड इतकं सावकाश वाढतं की दुसऱ्या कुणाचा धीर सुटला असता. आबा मात्र रोज सकाळी त्याच्या पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुसताना त्याच्याशी बोलायचे.

मार्च संपता संपता त्यांनी मला खाली बोलावलं. पानांच्या झुबक्याच्या मधोमध तळहाताएवढा, सोनेरी लवेचा एक कोंब वर आला होता.

“बाई, ह्याला कायतरी झालंय,” आबा म्हणाले. “बरं हाय का वाईट, तेवढं सांगा.”

मी वाकून बघितलं आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं मेलेला शिकवला आणि जिवंत भेटला तो पेन्शन सुरू झाल्यावर. मी आबांना सांगितलं की हा नर शंकू आहे, यांच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, आणि तुमचं झाड नर निघालं. आबांनी टोपी काढून परत घातली. पोरगा झाला तर, असं म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांनी वॉचमनला, मला आणि इस्त्रीवाल्याला गूळ-खोबरं वाटलं. मी विचारलं, मुलगी निघाली असती तर वाटलं असतं का? त्यांनी सांगितलं की मग पेढे वाटले असते, कारण पोरगी बाहेरच्या झाडाचं बी पण आपल्याकडं धरते. 

पंधरा दिवसांत तो कोंब दीड वीत झाला. पिवळाधमक, जाडजूड, ताठ उभा, आणि बरोबर गेटाकडे तोंड करून. आता मी बाई असले तरी जीवशास्त्राची बाई आहे, तेव्हा संकोच न करता सांगते, तो जसा दिसतो तसाच दिसत होता. सकाळी फिरणाऱ्या बायकांनी वाफ्याला उलट्या बाजूने वळसा घालायला सुरुवात केली. योगवर्गाने आपल्या सतरंज्या पार्किंगमध्ये हलवल्या. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, त्याखाली कुणीतरी हसणारा चेहरा टाकला, मग चाळीस हसणारे चेहरे आले आणि शेवटी ग्रुपच बंद करावा लागला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीचा कागद लागला. बागेतील मध्यवर्ती झाडावर आलेली अशोभनीय वाढ तातडीने काढून टाकण्यात येईल, असं त्यात होतं. काम आबांनी करायचं होतं.

आबांनी तो कागद मला वाचून दाखवायला लावला. मग म्हणाले की माझ्या हातनं हे होणार न्हाई, नोकरीवरनं काढलं तरी होणार न्हाई.  मी तिथेच ठरवलं की या झाडाला कुणी हात लावणार नाही.

तावातावाने सेक्रेटरींच्या घरी गेले. सेक्रेटरींचा कुरुळीला पॅकिंगचा व्यवसाय आहे. परदेशातून आलेल्या पाइनच्या फळ्यांचे पॅलेट आणि खोकी ठोकायची, भट्टीत तापवून त्यातली कीड मारायची, तसा शिक्का मारायचा आणि चाकणच्या कंपन्यांना द्यायची. मी त्यांना सांगितलं की तुमच्या घरी चूल पेटते ती याच झाडाच्या भावकीवर. तुमचं पाइन अनावृतबीजी. तुमच्या भिंतीचा रंग पातळ करायचं टर्पेंटाइन त्यातूनच निघतं. दिवाळीला मिठाईवर लावलेले चिलगोजे म्हणजे पाइनचंच बी. लहानपणी विद्या येते म्हणून वहीत ठेवायचो ते मोरपंखीचं पान, तेही त्याच भावकीतलं. लॉबीतल्या कुंडीत तुम्ही हौसेने ठेवलेलं ख्रिसमस ट्री, तेसुद्धा. एवढ्या सगळ्यांना घरात घेता आणि थोरल्या भावाला गेटात उभं राहू देत नाही, हा कुठला न्याय?

सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “आम्ही फळ्या घेतो. फळीवर असलं काही नसतं.”

इथे माझं डोकं फिरलं आणि मी खोटं बोलले. म्हणजे अगदी खोटं नाही. सायकस देशाबाहेर न्यायचा तर कागदपत्रं लागतात, हे खरं आहे. मी ते थोडं ताणलं आणि सांगितलं की हे संरक्षित झाड आहे, याचा शंकू परवानगीशिवाय कापला तर महापालिकेच्या उद्यान विभागाची माणसं दारात उभी राहतील. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी पार्किंगच्या शेडसाठी त्यांनी गुलमोहोराच्या फांद्या न विचारता छाटल्या होत्या आणि त्याची नोटीस अजून त्यांच्या कपाटात होती. कमिटीची बैठक होईपर्यंत दहा दिवस कुणी झाडाला हात लावणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. मी जिना उतरले ती गड जिंकल्यासारखी. बाईंनी गप्प बसवलं, अशी बढाई वॉचमनपुढे मारायलाही विसरले नाही.

आबांनी दहा दिवस बोटांवर मोजले आणि एक वेगळाच मुद्दा काढला. पोरगा वयात आलाय, दहा दिवसांनी काय होईल ते होईल, पण तेवढ्यात त्याचं लग्न लागायला पाहिजे. पलीकडच्या सोसायटीतही एक सायकस होता. त्याच्या शेंड्यावर तपकिरी मखमलीचं घरट्यासारखं काहीतरी आल्याचं आबांनी भिंतीवरून बघून ठेवलं होतं. ती मादी होती, यात शंका नाही.

अडचण एकच होती. पलीकडची सोसायटी आणि आमची सोसायटी यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. आमच्या बागेतलं गटाराचं पाणी त्यांच्या भिंतीला लागायचं आणि त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी सुचवलं की दुपारी दोनच्या सुमारास सगळे वामकुक्षी घेत असतात, तेव्हा मी पाकिटात पराग घेऊन जाते आणि झाडावर झटकून येते. आबांना ते मुळीच पटलं नाही. पोरगी पळवून आणायची आमच्यात रीत नाही, रीतसर बघायला जायचं, असं त्यांनी बजावलं.

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही मुलगी बघायला निघालो. आबांनी धुतलेली टोपी घातली, हातात नारळ आणि साखरेची पुडी. मी ठेवणीतली साडी नेसले. पलीकडचे चेअरमन लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर होते आणि नुकतेच निवृत्त झालेले. आम्हाला बघून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“पाण्याचं बोलायला आलाव काय?” त्यांनी विचारलं.

आबांनी सांगितलं की नाही, तुमच्या बागेतल्या झाडासाठी आमच्या झाडाचं स्थळ आणलंय. मी पुढे होऊन नर, मादी, पराग वगैरे समजावून दिलं. चेअरमन आधी माझ्याकडे बघत राहिले, मग आबांकडे, आणि मग खुर्चीत नीट सरसावून बसले. कंपनीत माणसांची भरती करायची सवय असावी. मुलाचं वय काय, मूळ गाव कुठलं, तब्येत कशी, कुठलं व्यसन आहे का, अशी त्यांनी एकामागून एक चौकशी सुरू केली. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

“निर्व्यसनी हाय,” आबा तितक्याच गंभीरपणे म्हणाले. “पानी बी बेताचंच पितो.”

आतून कांदेपोहे आले. तेव्हा मी ओळखलं की जमलं. चेअरमनसाहेबांनी सांगितलं की आमच्यात देणंघेणं नाही, पण त्या गटाराचं तोंड तेवढं वळवा. दोन वर्षं दोन कमिट्यांनी पत्रं लिहून जे झालं नव्हतं, ते आबांनी त्याच संध्याकाळी कुदळ घेऊन तासाभरात केलं.

सहाव्या दिवशी शंकूचे खवले सुटले. अशा वेळी शंकूतून उग्र वास येतो आणि तो चक्क कोमट होतो, किडे जमावेत म्हणून, हे मी पुस्तकात वाचलं होतं पण कधी शिकवलं नव्हतं, कारण माझाच विश्वास बसत नव्हता. हात लावून बघितला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागला. आम्ही खाली वर्तमानपत्र धरून शंकूवर हलकेच टिचक्या मारल्या आणि पिवळ्या धुळीची पुडी बांधली. मला सलग नऊ शिंका आल्या. पलीकडे चेअरमनसाहेबांनी कॅलेंडरवर मुहूर्त बघून ठेवला होता, त्यांच्या घरच्या वहिनी अक्षता घेऊन उभ्या होत्या. अक्षता झाडावर टाकू नका, बीजांडात तांदूळ अडकेल, असं ओरडून मला सगळ्यांचा हिरमोड करावा लागला. आबांनी स्वतःचा दाढीचा ब्रश धुवून आणला होता. त्याने त्यांनी मखमली पानांच्या कडेला ओळीने बसलेल्या प्रत्येक बीजांडावर ती धूळ लावली, घाई न करता, एकही न चुकवता.

मी त्यांना सांगितलं की आज नुसता पराग पोचला, खरी गाठ पडायला चार-पाच महिने लागतील. तेवढा काळ तो आत थांबून राहतो आणि मग त्यातून निघालेली नरपेशी चक्क पोहत जाते. एवढं मोठं झाड आणि त्याचं शेवाळाच्या काळातलं हे पोहणं सुटलेलं नाही. आबा म्हणाले, पहिल्या जमान्यात आमच्याकडंही असंच होतं, लगीन आधी आणि भेट मागनं.

आठव्या दिवशी मी तळेगावला बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी परत आले तर गोल वाफ्यात खड्डा होता.

सेक्रेटरींनी मला जिन्यातच गाठलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन सगळं सांगितलं. शंकू कापायला परवानगी लागते, म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर माणसं बघायला येणार. त्यापेक्षा झाडच ठेवलं नाही तर बघायला काही उरत नाही आणि परवानगीचा प्रश्नच येत नाही. आबांची दुपारची सुट्टी बघून त्यांनी कारखान्यावरची दोन माणसं आणि करवत आणली, झाड मुळासकट खणून काढलं, खोडाचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या गाडीतून पाठवूनही दिले. “तुम्ही सांगितलंत ते बरं झालं मॅडम,” असंही ते म्हणाले.

आबा वाफ्याच्या कठड्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं खरं सांगितलं. परवानगी वगैरे काही लागत नाही, मी सेक्रेटरींना घाबरवायला थाप मारली, नाहीतर फार तर शंकू गेला असता. तो तसाही महिन्याभरात वाळून पडणारच होता. झाड जगलं असतं. ते मी मारलं. एवढं बोलून मला रडू फुटलं, आणि माझं रडणं काही सुबक नसतं.

आबांनी कठड्यावर सांडलेली माती हाताने खड्ड्यात लोटली. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“पलीकडं लागलं का, तेवढं सांगा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, ते दिवाळीशिवाय कळणार नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मोटरची किल्ली वॉचमनच्या टेबलावर होती आणि आबा भिंतीपलीकडे पाइप धरून उभे होते.

आमच्या बागेची त्या वर्षी रया गेली. हिरवळ जळाली, जास्वंदीला मावा पडला, लॉबीतलं ख्रिसमस ट्री खालून पिवळं होत होत वरपर्यंत गेलं. कमिटीने एका एजन्सीची माणसं लावली, ती यायची, फोटो काढायची आणि जायची. मी रोज सकाळी पलीकडे जाऊ लागले. चेअरमनसाहेबांच्या घरी माझा चहा ठरून गेला. पावसाळ्यात बीजांडं फुगायला लागली, तेव्हा सगळे हरखले. मला मात्र धास्ती होती, कारण पराग न लागलेलीही कधी कधी तेवढीच फुगतात. ते मी कुणाला बोलले नाही, फक्त आबांना सांगितलं. या माणसापासून आता मला काही लपवायचं नव्हतं.

दिवाळीनंतर बिया सुपारीपेक्षा मोठ्या, शेंदरी रंगाच्या झाल्या. परीक्षा सोपी होती. बी पाण्यात टाकायचं, बुडलं तर आत जीव धरलेला असतो, तरंगलं तर पोकळ. आबांनी बादली भरली आणि एकेक बी सोडायला लागले. पहिलं तरंगलं. दुसरं तरंगलं. बारा बिया बादलीत नुसत्या डुलत होत्या आणि चेअरमनसाहेब उठून उगाचच गेटापर्यंत जाऊन आले. मी आबांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. तेरावं बी त्यांनी सोडलं आणि ते सरळ तळाला गेलं. आबांनी हात घालून ते बाहेर काढलं आणि खात्री करायला परत सोडलं. परत बुडालं. सगळ्या बिया संपल्या तेव्हा बुडालेल्या सात होत्या. आबांनी त्या टोपीत घेतल्या. त्या दिवशी मी त्यांचं डोकं पहिल्यांदा इतका वेळ उघडं बघितलं.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी आले. दोन वर्षांत पलीकडच्या गेटातून आत यायची त्यांची ही पहिलीच वेळ. बादलीत तरंगणाऱ्या शेंदरी बिया बघून त्यांचे डोळे चमकले. झाड आमच्या सोसायटीचं होतं, तेव्हा ही पोरं आमच्या घराण्याची, असं त्यांनी हसत हसत सांगितलं, आणि मग हसणं आवरून म्हणाले की आबा, झालं गेलं विसरा, परत या, वाफा रिकामाच आहे, यातलंच एक तिथे लावू.

“सायेब,” आबा म्हणाले, “त्या वाफ्याच्या जागी माजं ज्वारीचं रान व्हतं. इकलं तवा घरातली समदी म्हनली, आता तिकडं फिरकू नगा. तरी मी सोताच्याच रानात चाकरीला ऱ्हायलो, लोकं हसली तरी ऱ्हायलो. त्या झाडासाटी ऱ्हायलो. आता काय बगाया येऊ?”

सेक्रेटरी खाली बघायला लागले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण माणूस वाईट नाही, नुसता फळ्यांमध्ये वाढलेला आहे. आबांनी बादलीत हात घातला आणि वरवर तरंगणाऱ्यांतल्या तीन बिया निवडल्या, चांगल्या मोठ्या, डाग नसलेल्या, आणि त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. सेक्रेटरी गहिवरले. त्यांनी त्या बिया दोन्ही हातांनी कपाळाला लावल्या.

जाताना त्यांनी मला विचारलं, “मॅडम, किती दिवसांत उगवतील?”

मी तीस वर्षं कुणाची चूक दिसली की तिथल्या तिथे सुधारली आहे. नवऱ्याचं बोलणं मध्येच तोडून सुधारलं आहे, मंगल कार्यालयात भटजींना सुधारलं आहे. आबा माझ्याकडे बघत नव्हते, टोपीतल्या सात बिया मोजत होते.

“या झाडांना वेळ लागतो,” मी म्हटलं. “रोज पाणी घाला.”

ते रोज घालतात. कारखान्याला निघायच्या आधी, इस्त्रीच्या शर्टावर पाणी उडू नये म्हणून वाकून, तांब्याने. पलीकडे आबांच्या कुंड्यांमध्ये पाच कोंब आले आहेत आणि त्यातला मुलगा कुठला, मुलगी कुठली, हे कळायला पंधरा वर्षं जातील. सेक्रेटरींनी कालच मला गेटात थांबवून सांगितलं की आज माती थोडी वर आल्यासारखी वाटते. मी चष्मा नाकावर सरकवला, वाफ्यात वाकून नीट बघितलं आणि म्हटलं, हो, वाटते खरी.